पहिली बादली

भिंतीवरच्या चित्रातल्या माणसाच्या अंगावर कपडे नव्हते. डोकं, काखा, जांघा आणि पावलं एवढी मात्र रंगवलेली होती. साबण इथे इथे लावा आणि लावताना चड्डी नको, असा एकूण मथितार्थ. आइसलंडच्या तलावांत क्लोरीन नावापुरतंच घालतात, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून साबणाने खसखसून आंघोळ करायची, हा तिथला सोवळ्याचा नियम. शेजारी एक आजोबा काखेत फेस काढत माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. मी भिंतीकडे तोंड करून कमरेचा टॉवेल दोन्ही हातांनी धरून उभा. अशाने आंघोळ होत नाही.

खरं तर आंघोळ या विषयावर मला कोणी शिकवावं, हा माझा अपमान आहे. आमच्याकडे तांब्याचा बंब होता. दर शनिवारी चिंच लावून घासला की त्यात तोंड दिसायचं, तेही जरा गुटगुटीत. मधल्या नळकांड्यात करवंट्या, ढलप्या, पावसाळ्यात धुपत राहणारी ओली सोडणं, खाली राखेची जाळी, बाजूला पितळी तोटी. जेवढं कढत पाणी काढाल तेवढं गार पाणी वरून ओतायचं, हा घरचा कायदा. तो आमच्यातलं कोणी पाळत नसे. करवंटीवर तापलेलं पाणी आणि ढलपीवर तापलेलं पाणी मी डोळे मिटून ओळखत असे. निदान लग्नानंतर बायकोला तसं सांगत असे. गीझरच्या पाण्याला धुराचा वास नसतो, म्हणून ते अंगात मुरत नाही, असाही माझा एक सिद्धांत आहे. तो मी चारचौघांत इतक्या वेळा मांडलाय, की हल्ली पाहुणे आंघोळीचा विषय निघाला की घड्याळ बघतात.

असो. टॉवेल सुटला.

होफ्सोस हे उत्तर आइसलंडमधलं, स्कागाफ्योर्दुरच्या काठावरचं दोनशेच्या आतबाहेर वस्तीचं गाव. तिथला तलाव थेट समुद्राच्या कडेला. आपण पोहत पोहत खाडीतच निघालोय असा भास होतो. पाणी जमिनीतूनच तापून येतं. अमेरिका आणि युरोपच्या भूपट्टांची शिवण या देशाखालून जाते आणि ती वर्षाला साधारण २ सेंटिमीटर उसवते. म्हणजे आमच्या बंबाची जाळी समजा, फक्त राख काढायला कोणी बसत नाही. आपल्या कोकणातही उन्हवऱ्याला, तुरळला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे आपण नमस्कार करतो, नारळ ठेवतो आणि पाय भाजले म्हणून ओरडतो.

मी पट्टीचा पोहणारा. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला. बायकोला म्हटलं, "बघ आता." निम्म्यावर गेलो तोच डावीकडून ऐंशीच्या घरातल्या दोन आजी मान वर ठेवून, गप्पा मारत, मला ओलांडून पुढे गेल्या. परत येतानाही त्याच ओलांडून गेल्या. या देशात १९४० पासून पोहणं शाळेतच सक्तीचं आहे. त्याआधी कोळी किनारा दिसत असताना बुडायचे. आजींनी हे समुद्रासाठी शिकलेलं, मी बायकोला दाखवण्यासाठी. फरक पडणारच.

समोर द्राउंगेय बेट दिसत होतं. ग्रेट्टिर नावाचा परागंदा वीर तिथे राहायचा. एकदा त्याचा विस्तव विझला, तेव्हा तो बेटावरून जवळजवळ ७ किलोमीटर पोहत किनाऱ्याला आला आणि गरम झऱ्यात बसून शेकला. पुढे दमून उघडाच झोपला असताना तिथल्या घरातल्या मोलकरणीने त्याला पाहिलं आणि बाकी धिप्पाड असून एका बाबतीत गडी अगदीच बेताचा निघाला म्हणून ती हसत सुटली, असं त्याची गाथा लिहिणाऱ्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. एवढा पराक्रमी माणूस, त्याचीही ही गत. मला नाहणीघरातले आजोबा आठवले आणि जरा धीर आला.

बायको मात्र पोहलीच नाही. ती कडेच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसली होती. काहीही न करता. हा तलाव २०१० साली दोन बायकांनी गावाला भेट दिला, हे तिने तिथे बसल्या बसल्या कोणाकडून तरी मिळवलं होतं.

तिला तसं बसलेलं बघून मला एकदम घरचा क्रम आठवला. पहिली बादली आजोबांची, मग बाबा, मग शाळेची घाई म्हणून मी, मग काका. पहाटे उठून बंब पेटवायची आई. धुराने डोळे चोळत फुंकणीने फुंकायची तीच. तिची पाळी येईपर्यंत जाळ विझलेला आणि बंबात आम्ही न भरलेलं पाणी. "मला कोमट चालतं," म्हणायची. चालतं कसलं! पौषातसुद्धा? चाळीस वर्षं मी त्या पाण्याच्या वासाचं कौतुक करत हिंडतोय. शेवटची बादली कशी असते, हे मी एकदाही हात घालून पाहिलं नाही.

वारा सुटला होता, आणि मला सपाटून भूक लागली होती. काठावर जाऊन म्हटलं, "अगं, चल आता. जेवायचं नाही का?"

"तुम्ही व्हा पुढे," तिने डोळेही उघडले नाहीत. "अहो, आणि जाताना तो टॉवेल नीट गुंडाळा."