कुलूप कशाला लावलंय?

(सायकल दुरुस्तीचं दुकान. दोरीवर नाना तऱ्हेची कुलपं टांगलेली. मधोमध एक महागडी सायकल, पुढचं चाक गायब. दुकानदार चिंध्यांनी हात पुसत येतो.)

या, या. हवा भरायची? नाही? मग कुलूपच पाहिजे असणार. त्र्यंबकमध्ये अस्वस्थ माणूस दोनच प्रकारचा. एकाला कालसर्प असतो, दुसऱ्याची सायकल बाहेर उभी असते. पहिला गुरुजींकडे जातो, दुसरा माझ्याकडे.

(दोरीवरून कुलूप काढतो.) हे केबल लॉक. आत तार, वरून प्लास्टिक. दीडशे रुपये. चोराला कटरने हे कापायला किती वेळ लागतो? तुमचं "शंभरला द्या की" म्हणून होईपर्यंत कापून झालेलं असतं.

हे नंबरचं. चार आकडे. लोक नंबर काय ठेवतात? पोराचं जन्मसाल! आणि पोराचं नाव मडगार्डवर रंगवून घेतलेलं. चोराने फक्त जाऊन विचारायचं, "बाळा, कितवीत आहेस रे?"

आणि हे आपलं जुनं, मागच्या चाकाचं. काळ्या सायकलींना असायचं ना? याच्या किल्ल्या म्हणजे सगळं एकत्र कुटुंब. आमच्या शाळेच्या स्टँडवर घाईतलं पोरगं जी उघडेल ती सायकल घेऊन घरी जायचं. त्याला कोणी चोरी म्हणत नव्हतं. संध्याकाळी दोन आया भेटायच्या, अदलाबदल व्हायची, वर चहा. आता मात्र टेम्पो येतो. चाक फिरत नाही म्हणून चोर काही रडत बसत नाही, उचलून टेम्पोत टाकतो. सायकलवर कुलूप फ्री!

(जड यू-लॉक दोन्ही हातांनी उचलतो.) हां, हे खरं. यू-लॉक. पोलादाची सळई. पण यालाही नशीब लागतं. 2004 साली अमेरिकेत बोभाटा झाला. गोल किल्लीची भारी भारी यू-लॉकं लोक साध्या बॉलपेनच्या नळीने उघडायला लागले! पेन खुपसायचं, फिरवायचं, खट्ट! म्हणून गोल किल्लीचं घेऊ नका, सपाट किल्लीचं घ्या. आणि वरच्या खिशाला पेन लावलेला माणूस सायकलभोवती घोटाळत असेल, तर तो मास्तरच असेल असं समजू नका.

पण दादा, मला एक सांगा. कुलूप लावता कशाला? म्हणजे... कशाला? कोणत्या वस्तूला?

आपल्याकडे गौतम ऋषींची गोष्ट आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उतरली, पण थांबेचना. इथे दिसली की गुप्त. गंगाद्वाराला दिसली, परत गुप्त. चोराच्या मागे हवालदार फिरावा तसे गौतम ऋषी मागे मागे. शेवटी काय केलं? दर्भ घेतला, खाली कुशावर्तावर वेढा घातला, नदी जागच्या जागी! गवताचं कुलूप हो! का टिकलं? जमिनीला घातलं होतं. आणि तुम्ही दीड हजाराचं यू-लॉक सायकलच्या चाकातून घेऊन सायकलच्याच दांडीला लावता! सायकल सायकललाच बांधता! खांब शोधा, ग्रिल शोधा. आणि खांबाला वर काहीतरी डोकं आहे ना, ते बघा. नाहीतर चोर सायकल कुलपासकट वरून काढून घेतो, वडाचा दोरा काढावा तशी.

(खुर्ची ओढून बसतो.) सगळं केलं तरी जातं ते जातंच म्हणा. इथं देवाचा हिरा गेला. नासक डायमंड म्हणतात त्याला. 1818 ला पेशवाई बुडाली, हिरा कंपनी सरकारच्या हातात, तिथून लंडनला. आता सायकल चोरल्यावर चोर काय करतो? रंग मारतो, सीट बदलतो, नंबर घासतो. हिऱ्याचंही तेच केलं! नव्वद कॅरटच्या आसपास होता, घासत घासत 43 वर आणला. 1970 ला न्यूयॉर्कात लिलाव झाला, पाच लाख डॉलर. घेतला कोणी? मालट्रकच्या धंद्यातल्या माणसाने! बघा, शेवटी टेम्पोच.

म्हणून सांगतो, सायकल उलटी करा. पायडलच्या दांडीखाली नंबर कोरलेला असतो. फोटो काढा, बिल जपून ठेवा. देवाकडे बिल नव्हतं.

(चाक नसलेल्या सायकलकडे जातो.) ही नाशिकच्या एका साहेबांची. नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, 2015 ला अमेरिका आडवी पार केली, 'रेस अक्रॉस अमेरिका'. एक दमला की दुसरा सायकलवर. सायकल उभीच राहिली नाही, कुलपाचा प्रश्नच मिटला. ते बघून हे साहेब रविवारी नाशिकहून त्र्यंबक. घट्ट कपडे, उलट्या शेपटीचं हेल्मेट. यू-लॉक उत्तम, मागचं चाक आणि दांडी मिळून ग्रिलला, अगदी शास्त्रशुद्ध. पण पुढचं चाक खटक्याचं. खटका ओढला की चाक हातात. चोराने ओढला.

पुढच्या रविवारी नवीन चाक. या वेळी साहेब हुशार! चाक काढलं, हातात घेतलं, दर्शनाच्या रांगेत उभे. मागची आजी म्हणते, "नवस फेडतोस का रे बाळा?" पुढचे आजोबा वळून बघतात, "सुदर्शनचक्र विष्णूचं. चुकीच्या देवळात आलात."

(हसतो. मग आवाज खाली आणून.) आता परवाचं ऐका. आमच्या आळीतल्या काकांची सायकल गेली, आणि चमत्कार, चोरासकट सापडली! पोरगा नवखा. सायकल देऊन टाकली त्याने. हवालदार सगळी वरात माझ्या दुकानात घेऊन आला. म्हणाला, "किंमत सांगा." कारण 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता. माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच, आणि माल परत केला, तर शिक्षा काय? समाजसेवा. पाच हजारांच्या वर गेलं की मामला वेगळा.

पोरगा लगेच, "साहेब, चार हजारांचीसुद्धा नाही! ब्रेक लागत नाहीत, चेन उतरते, अंजनेरीच्या चढावर मला ढकलत न्यावी लागली!"

काका भडकले. "ढकलत? गियरची आहे! अरे बारा हजार..."

आणि थांबले. कारण मागे काकू उभ्या. सायकल घेताना काकूंना किंमत सांगितली होती साडेचार हजार.

हवालदाराने पेन उघडलं. "बोला काका, काय लिहू?"

काकांनी चोराकडे बघितलं. मग काकूंकडे. परत चोराकडे. आणि बारीक आवाजात...

"साडेचार."

चोराने काकांकडे ढुंकूनही बघितलं नाही. पुढे आला आणि वाकून काकूंच्या पाया पडला!

(दिवे जातात.)