आधी आचारी, मग हॉल

काय ओ वहिनी, ठरलं म्हणे लेकीचं! तुम्ही कशाला सांगताय, मला दूधवाल्याकडून कळलं. "पलीकडच्या ताईंनी रविवारी तीन लिटर जादा सांगितलंय," म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की हे नुसते पाहुणे नव्हेत, व्याही आहेत. या की जरा इकडं कुंपणाशी. ती जास्वंदीची फांदी सरकवा, डोळ्याला लागेल. कुकर आत्ताच लावलाय ना? मग वेळ आहे.

आणि लग्न सांगलीतच करताय ते बेस केलंत. लेक पुण्यात, जावई बंगळूरला, त्यांच्या मित्रमंडळींना गोवा नाहीतर उदयपूर पाहिजे असणार. पण सासूबाईंना काय समुद्रावर नेऊन अक्षता टाकायला लावणार? इथं कसं, मुंबईचे पाहुणे रात्री महालक्ष्मीत बसले की सकाळी मिरजेत उतरून चहाला घरी हजर.

फक्त एक सांगते, रागावू नका. लेकीनं म्हणे फोनवरच हॉल पसंत केलाय, फोटो बघून. अहो, फोटोत सगळे हॉल सख्खे भाऊच वाटतात. वर झुंबर, मागं प्लास्टिकची फुलं, पुढं दोन सिंहासनं. स्वयंपाकघर फोटोत नसतं, हात धुवायच्या जागी पाणी तुंबतं ते नसतं, आणि नवरीच्या खोलीला आतून कडी लागत नाही याचा फोटो तर कुणीच टाकत नाही. हॉल बघायचा तर दुसऱ्या कुणाचं लग्न चालू असताना बघायचा. दुपारी साडेबाराला, आणि पुढच्या दारानं नाही, मागच्या. पुढं काय, तिथं अत्तर शिंपडणारी मुलगी उभी असते.

तारीख कधीची बघताय? मे महिना? मग पंचांग उघडलं नाही वाटतं अजून कुणी. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ऐन सुट्टीत मुहूर्तच नाही. म्हणजे लग्नं एक तर एप्रिलात आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली जाणार, नाहीतर निज ज्येष्ठात, जूनच्या मध्यापासून पुढं. त्यातनं गुरू-शुक्राचे अस्त वजा करा. २५ जुलैला आषाढी एकादशी, चातुर्मास लागला की तुळशीचं लग्न होईपर्यंत गप्प बसायचं. काढीव मुहूर्त मिळतात म्हणा, पण तुमच्या सासूबाई ऐकतील? मला नाही वाटत. तेव्हा तारखा दोन-तीन हाताशी ठेवा. एकच तारीख धरून गेलात की कार्यालयवाल्याला कळतं, ही माणसं अडली. मग तो वहीसुद्धा न उघडता भाव सांगतो.

आणि जूनअखेर ठरलं तर लॉनचं नाव काढू नका. गावाबाहेर ही एवढाली लॉन झालीत, दिव्यांच्या माळा बिळा, संध्याकाळी दिसतं छान. पण पाऊस आला की नऊवारीचा काठ चिखलात आणि म्हातारी माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन पळताहेत, असं बघितलंय मी. पावसाळ्यात आपलं गावातलं जुनं कार्यालय बरं. कळकट असेल, पण डोक्यावर छप्पर आहे.

पण हॉल नंतर. आधी आचारी! तुम्ही हसताय, पण ऐका तर खरं. हल्ली निम्म्या कार्यालयांची अटच असते, जेवण आमच्याच केटररचं. बाहेरचा आणलात तर ताटामागं रॉयल्टी भरा. म्हणजे आधी हॉलला ॲडव्हान्स देऊन बसलात की आचारी आपोआप गळ्यात. मग तो पनीरची भाजी गोड करो नाहीतर मसालेभाताचा लगदा करो, तुम्ही फक्त "वा वा" म्हणायचं. माझ्या भाचीच्या लग्नात हेच झालं. हॉल एसी, स्टेज बघत राहावं असं, आणि मठ्ठा संपला तो दुसऱ्या पंगतीला. मेमध्ये, वहिनी! लग्न लागलं, संसार झाला, तिला मुलगा झाला, तरी तिच्या सासरचे अजून मठ्ठ्याचं काढतात.

चांगला आचारी कसा शोधायचा म्हणता? ज्यांच्याकडं लग्न झालं त्यांना विचारू नका. ते खरं बोलत नाहीत. एवढे पैसे घातल्यावर कोण म्हणेल जेवण बेताचं होतं म्हणून? वाढप्यांना विचारा. ही पोरं आज या केटररकडं, उद्या त्या केटररकडं जातात. कुठं पुरीचं तेल चार दिवस तेच वापरतात, कुठं उरलेली जिलबी दुसऱ्या कार्याला जाते, त्यांना सगळं पाठ असतं. आमच्याकडं भांड्याला येते ना, तिचा भाऊ वाढप्या आहे. त्यानं मला एका आचाऱ्याचं नाव सांगितलं, म्हणून मी एका बारशाला मुद्दाम मागच्या बाजूला जाऊन बघितलं. खांद्यावर पंचा, समोर हंडा, आणि हा गडी झाऱ्यानं चार शितं काढून चिमटीत दाबून बघतोय. मग हंड्यावर ओलं फडकं घातलं, वर परात, परातीत निखारे, आणि खालची आच ओढून घेतली. पोरं "काका, पंगत बसली" म्हणून बोलवायला आली तर मान वर न करता म्हणाला, "बसू दे. भात बसल्याशिवाय पंगत उठणार नाही." मी तिथंच ठरवलं, नातवाची मुंज याच्याकडं.

त्याच्याकडं पास्त्याचा काउंटर नाही, आधीच सांगते. लेक रुसेल. पण खपली गव्हाची खीर करतो तो, वर नारळाचं दूध. बंगळूरच्या लोकांना हुग्गी म्हणून सांगा, खूश होतील. भरली वांगी कृष्णाकाठचीच आणतो. बासुंदी मात्र त्याला सांगू नका, ती नरसोबाच्या वाडीहून आणवायची. आणि मठ्ठ्यात बर्फ कुठला घालणार ते तोंडावर विचारा. माशांच्या पेट्यांत घालतात तो लादीचा बर्फ मठ्ठ्यात फोडून टाकणारे आहेत की! हवं तर मठ्ठ्याचं भांडं बर्फात ठेव म्हणावं, बर्फ मठ्ठ्यात नको.

ठरवताना किमान ताटं कमी लिहायची. साडेतीनशे येतील वाटलं तर तीनशेची हमी द्या, वरच्यांचे पैसे मागाहून. आणि ताटं मोजायला आपला माणूस बसवा. बुफेत बिल ताटांवर लागतं, आणि ताटं मोजतो कोण, तर केटररचा पोरगा. लहान पोरं एक ताट टाकून दुसरं घेतात, ते दोन धरले जातात. आमच्याकडं आमच्या भाऊजींना बसवलं होतं, बँकेतनं निवृत्त झालेले. सुरुवातीला ताटांची चळत मोजली, शेवटी उरलेली मोजली, वजाबाकी केली, आणि केटररच्या आकड्यापेक्षा चाळीस ताटं कमी. जेवले नाहीत बिचारे तीन वाजेपर्यंत, पण काय तेज आलं होतं चेहऱ्यावर!

आता हॉल. भाडं सांगतात ते खरं भाडं नव्हे. त्यावर वीज मीटरप्रमाणं, जनरेटरचं डिझेल वेगळं, झाडलोट वेगळी, गॅस वेगळा, अनामत वेगळी, आणि पक्कं बिल मागितलंत तर हॉलभाड्याला १८ टक्के जीएसटी. ताब्यात घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवायला कुणाला तरी सांगा. तुमच्या भाच्याला सांगा, तसाही तो दिवसभर फोनच धरून असतो. आणि "एक दिवस" म्हणजे किती ते लिहून घ्या. तुम्ही धरता चोवीस तास, ते धरतात सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. सीमांतपूजन आदल्या रात्री असेल तर ते दुसऱ्या भाड्यात जातं.

मंडपवाल्याचं मी बघते. गावभागातला आहे, जुना. २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं ना, तेव्हा त्याचं गोदाम बुडालं. गालिचे, झालरी, गाद्या, सगळं. तेव्हापासून माल वरच्या मजल्यावर ठेवतो आणि सगळं नवं घेतलंय. बाकी काहींनी तेच गालिचे वाळवून परत वापरले. तेव्हा कुणाचाही गालिचा ठरवण्याआधी खाली वाकून वास घ्या. लोक हसले तर हसू देत.

हो, पुण्याची इव्हेंटवाली बोलावणार होता म्हणे? बोलवा की, पैसे जास्त झाले असतील तर. ती येणार, हातात टॅब, "थीम काय ठेवायची" विचारणार, आणि मग शेवटी आपल्याच गावातल्या या मंडपवाल्याला फोन करणार. मला माहितेय, कारण त्यानंच मला सांगितलं. फुलवालीही आपलीच, फेटेवालाही आपलाच. फेट्याचं पण आधीच विचारून ठेवा, बांधून परत नेणार की फेटे आपल्यालाच ठेवायचे. आणि शंभर फेटे असतील तर एकटा येऊन भागत नाही. वरात निघते आणि निम्मे पाहुणे उघड्या डोक्यानं रांगेत.

वाजंत्रीचं काय? सनई सांगाच. मुलाकडची डॉल्बी म्हणतील. तर म्हणावं, दहाला बंद. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर लावायचा नाही हा कायदा २००० सालापासून आहे, पोलीस येऊन वायर काढून नेतात. आणि आपल्याला कशाला ती धडधड? मिरज इतक्या जवळ आहे. सतारीसाठी लोक देशभरातनं तिथं येतात, सतारमेकर गल्लीत जाऊन नुसतं विचारलं तरी कोण वाजवायला येईल ते कळेल. लेकीला ती कसली "एन्ट्री" करायचीय ना, सतारीवर करू दे. पुण्याच्या मैत्रिणी गार पडतील.

आणि हो, हळदीचं सांगायचं राहिलंच. परवा एका लग्नात हळद कुठली तर पाकिटातली, पुण्याहून आलेल्या किटमधली, सोबत पिवळे गॉगल. सांगलीत! या गावच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय, जगभर जाते इथनं, आणि आपण पाकीट फोडतोय. मी त्या बाईंना तसं म्हटलं तर म्हणे, "ही कपड्यांना डाग पाडत नाही." डाग पडत नाही ती हळद कसली ओ? तुम्ही मार्केट यार्डातनं हळकुंडं आणा, आपण दोघी दळून आणू.

फोटोवाला लेकीच्या आवडीचाच असू दे, त्यात आपण पडायचं नाही. फक्त ते प्री-वेडिंग का काय, ते आयर्विन पुलावर नको. १९२९चा पूल, त्याच्यावर आधीच गर्दी, आणि मधोमध हे दोघं झगा पसरून उभे. मागनं एसटी हॉर्न देतेय. हरिपूरला संगमावर जा म्हणावं, सकाळी लवकर. चिंचेची झाडं आहेत, नदी आहे, देऊळ आहे, कुणी हटकत नाही.

बस्ता कापड पेठेतच बांधा, पण पहिल्याच फेरीला विहीणबाईंना घेऊन जाऊ नका. आधी एकदा तुम्ही जाऊन भाव बघून या, मग त्यांना न्या, आणि दुकानात पहिल्यांदाच आल्यासारखं करा. दुकानदार ओळख दाखवत नाही, त्याला सवय आहे.

गुरुजी? गुरुजी वेळेवर येणारे पाहिजेत, बाकी काही नाही. आवाज खणखणीत असला तर उत्तम. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की विवाहनोंदणीच्या अर्जावर सही लागेल. १९९८च्या कायद्यानं नव्वद दिवसांत नोंद करायची असते, तीन साक्षीदार लागतात, आणि लग्न लावणाऱ्याची सही. आमच्या ओळखीत एकांचं असं झालं, गुरुजी लग्न लावून काशीला गेले ते गेलेच, आणि इकडं जावयाचा व्हिसा अडकला. सहीसाठी माणूस धाडावा लागला काशीला. तुम्ही दक्षिणा देतानाच कागद पुढं करा.

झाली वाटतं शिट्टी तुमच्या कुकरची. किती करायच्या, तीन? मग बघा, दुसरीच आहे ही. त्या आचाऱ्याचा नंबर आमच्या भांडीवालीकडनं घेऊन ठेवते, पण आत्ता फोन करू नका. दुपारी तो झोपतो, आणि झोपेतनं उठवलं की ताटाला दहा रुपये जास्त सांगतो. चारनंतर करा. आणि मुलीकडची म्हणू नका, मुंज आहे म्हणा. लग्न म्हटलं की भाव वेगळा.