फॉल्स सीलिंग उत्तम स्थितीत

प्रति,
माननीय प्रमाणित गृहतपासनीस साहेब,
(प्रमाणपत्र कोणी दिलं याचा उल्लेख अहवालात नाही, म्हणून पत्ता अपुरा.)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या अहवालातलं पान 38 वरचं वाक्य अक्षरशः खरं ठरलं. ‘हॉल : फॉल्स सीलिंग उत्तम स्थितीत.’ नोव्हेंबरात सलग तीन दिवस पाऊस झाला, तिसऱ्या रात्री वरून जे काही सुटलं ते या सीलिंगने झेललं आणि सकाळपर्यंत धरून ठेवलं. इलेक्ट्रिशियनने शिडी लावून दिव्याच्या भोकातून मोबाइल आत घातला, तेव्हा फोटोत दिसला तो पत्रावळीएवढा काँक्रीटचा पोपडा, जिप्समवर निवांत पहुडलेला. त्याच्या वर स्लॅबच्या पोटातून चार सळया उघड्या पडलेल्या. इतक्या गंजलेल्या, की नखाने खरवडलं तर पापुद्रा हातात यावा. सीलिंग मात्र खरंच उत्तम. त्यावर डागसुद्धा नव्हता.

घर भाचीचं आहे आणि पत्र तिच्या मामांचं. कालपर्यंत त्यांना एकटी भाचीच मामा म्हणायची. हा व्यवहार झाल्यापासून घरातले सगळेच मामा झालेत.

भाची अंबत्तूर एस्टेटमधल्या एका आयटी ऑफिसात, जावई पाडीच्या बाजूला एका कारखान्यात. 1964 साली उभ्या राहिलेल्या या औद्योगिक वसाहतीने कुठकुठून माणसं ओढून आणली. हे दोघे नाशिकहून आले. 2011 मध्ये अंबत्तूर चेन्नई महापालिकेत गेलं, तसे भावही वर गेले. आठ वर्षं भाड्याने काढल्यावर दोघांनी अठरा वर्षं जुन्या इमारतीतला, गच्चीखालचा फ्लॅट पसंत केला. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण मामांनी फोनवर ऐकवली, तर शेजारच्या मामींनी तीच तमिळमध्ये परत केली : ‘वीट्टै कट्टिप्पार, कल्याणम् पण्णिप्पार.’ शब्दाला शब्द तीच. बांधून बघा, करून बघा, असं दोन्ही भाषांतली शहाणी माणसं सांगून गेली. दुसऱ्याने बांधलेलं घ्यायचं असेल तर काय बघा, ते सांगायचं दोघांच्याही राहून गेलं. म्हणून आपल्याला बोलावलं, साहेब. जीएसटी धरून फी दिली.

तसं बघायला येणारे कमी नव्हते. बँकेचा व्हॅल्युअर आला, दारात भाचीला उभं करून फोटो काढला आणि दहा मिनिटांत गेला. तो बँकेचं कर्ज बुडणार नाही एवढंच बघतो, छप्पर बघत नाही, हे पुढे कळलं. वकिलांनी तीस वर्षांचा बोजा-दाखला काढला. त्याला तमिळमध्ये ‘विल्लंगच् सान्रिदळ’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात ‘विल्लंगम्’ म्हणजे झंझट. कागदावरचं झंझट तीस वर्षं मागे जाऊन शोधलं, डोक्यावरचं कोणी शोधलं नाही. मनैयडी, म्हणजे तमिळ वास्तुशास्त्रवाले, गुरुजी टेप घेऊन आले, इंचाइंचाने खोल्या मोजल्या आणि तीन दोष सांगून गेले.

आपण 63 सांगितलेत.

त्यांचं वाचन भाचीने रविवारी सकाळी मोठ्याने केलं. बाथरूमचं साबणाचं भांडं हलतं. स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या ड्रॉवरचं चॅनेल घासतं. बेडरूमच्या स्विचबोर्डावर ओरखडा. एका टाइलचा रंग शेजारणीपेक्षा किंचित फिका. प्रत्येकाचा फोटो, फोटोवर लाल बाण. शिवाय थर्मल कॅमेऱ्याने काढलेली जांभळी-पिवळी चित्रं, जी बघून जावई म्हणाला, ‘घराची सोनोग्राफी झाली.’ हा कॅमेरा पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल आहे असा अंदाज त्यावरून काढता येतो, पण ओल असली तर. आपण आलात फेब्रुवारीत. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी. फेब्रुवारीत इथे गच्चीवर पापड वाळतात.

गच्चीवर आपण गेलाच नाहीत, हा तर खरा विषय.

पान 61, टीप 14 : ‘गच्चीची चावी उपलब्ध नसल्याने पाहणी केलेली नाही.’ चावी असोसिएशनच्या सेक्रेटरींकडे होती. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात, म्हणजे आपण जिथे उभे होतात तिथून अठरा पायऱ्या खाली. त्या दिवशी ते घरीच होते. मामांनी विचारून घेतलंय. गच्चीखालच्या फ्लॅटची पाहणी करायला आलेला माणूस गच्ची बघत नाही, म्हणजे दाताच्या डॉक्टरने पेशंटला तोंड मिटूनच बसायला सांगितलं! वर गेला असतात तर मद्रासच्या जुन्या पद्धतीचा वेदरिंग कोर्स दिसला असता : विटांच्या खड्यांचा चुन्यातला थर आणि वर तांबड्या दाबलेल्या फरश्या. फरश्यांचे सांधे उघडलेले, पाण्याच्या टाकीच्या पायाशी तर बोट आत जाईल एवढे. अठरा पावसाळे त्यातून पाणी खाली मुरलं. सळईला पाणी लागलं की गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो भोवतालचं काँक्रीट आतून ढकलून फोडतो. आधीच्या मालकाने त्याच्यावर उपाय केला. फॉल्स सीलिंग लावलं. विक्रीच्या तीन महिने आधी. आणि आपण त्याला ‘उत्तम’ दिलंत.

अरे माणसा, माठ घेतानासुद्धा बाई टिचकी मारून बघते! शंभर-दोनशे रुपयांचं मडकं लोक वाजवून घेतात. खणखणीत वाजलं तर घेतात, बद्द वाजलं तर खाली ठेवतात. तुझ्याकडे लेझर होता, कॅमेरा होता, टॅब होता. एक हातोडी नव्हती? दिव्याचं एक भोक काढून वर बघावंसं वाटलं नाही? वीस वर्षांचं कर्ज आहे त्या दोघांच्या डोक्यावर. त्या सीलिंगखाली चार वर्षांचं पोर चित्रं काढत बसतं.

असो. मामा पाणी प्यायले. पुन्हा ‘साहेब’.

डिसेंबरात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक स्ट्रक्चरल इंजिनीअर आले. त्यांनी वर्तुळ मारत मारत स्लॅब हातोडीने ठोकला, पोकळ आवाज आला तिथे खडूने खुणा केल्या आणि खिशातून एक छोटी बाटली काढली. फिनॉल्फ्थॅलीन. फुटलेल्या काँक्रीटवर ते फवारलं की काँक्रीट अजून धड असेल तर गुलाबी होतं, त्यातला अल्कलीपणा मेला असेल तर रंगच येत नाही. भाचीच्या हॉलमधल्या पोपड्याला रंग आला नाही. बाहेरून जेमतेम दोन सेंटीमीटर आत, सळईच्या जवळ, पुसटसा गुलाबी पट्टा उमटला. ‘बोअरचं पाणी वापरलं असणार का?’ जावयाने विचारलं. इंजिनीअर म्हणाले, सळई गंजवणारं क्लोराइड तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, आयएस 456 नुसार, सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, पण बांधताना मोजलं कोणी? हे उत्तर ऐकून मामांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ज्याला ‘सांगता येणार नाही’ म्हणता येतं, त्याला फी द्यावी.

क्लोराइड ही थट्टा नव्हे. गुरुग्रामच्या सेक्टर 109 मध्ये 10 फेब्रुवारी 2022 ला सहाव्या मजल्याच्या हॉलचा स्लॅब एकेक मजला घेत खाली गेला, दोन बायका गेल्या. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड सापडलं. ती इमारत अगदी अलीकडची होती. आणि अंबत्तूरहून फार लांब नाही ते मौलिवाक्कम : 28 जून 2014, अकरा मजली बांधकाम कोसळलं, 61 माणसं गेली. नंतर त्याचाच जोडीदार टॉवर स्फोट करून पाडावा लागला. या शहरात घर तपासायला येणाऱ्या माणसाने हातोडी घरी विसरू नये, एवढं तरी.

पण आपल्या अहवालाचा काही उपयोग झाला नाही असं नाही. आधीच्या मालकाला झाला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. मामांनी हौसेने नोटीस पाठवली. उत्तर आलं : ‘खरेदीदारांनी व्यवहारापूर्वी प्रमाणित तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी करून घेतली होती, अहवाल सोबत जोडला आहे.’ आपली 64 पानं, रंगीत. फी भाचीने दिली, ढाल त्याला मिळाली. रेराचं कलम 14 आहे, ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पण इमारत अठरा वर्षांची.

आणि ‘प्रमाणित’ म्हणजे काय, ते एकदा सांगावं. अमेरिकेत टेक्सासने 1985 पासून घरतपासनीसांवर सरकारी नियम लावले. आपल्याकडे वकिलाला सनद लागते, रिक्षाला परमिट लागतं, घरतपासनीसाला टी-शर्ट पुरतो. मुंबईत तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने मागतात, ते करायला महापालिकेकडे नोंदवलेला इंजिनीअर लागतो आणि त्याच्या सहीला अर्थ असतो. आपल्या अहवालावर सही नाही, क्यूआर कोड आहे. शिवाय आपलं नाव सुचवलं ब्रोकरने, ज्याची दलाली व्यवहार झाला तरच मिळणार होती. हे भाचीला तेव्हा सुचलं नाही. मामांनाही नाही, हे लिहिणं भाग आहे.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मात्र फुकट सांगितलं होतं. डिसेंबर 2023 च्या मिचाँग वादळात इथे किती पाणी आलं, तर ‘इडुप्पळवु तण्णी’, कमरेएवढं. म्हणून तर तिसरा मजला घेतला. खालून वाचले.

आपल्या कंपनीने फोन उचलला नाही. अहवालाच्या तळाशी आपला मोबाइल नंबर होता, तो आपण उचललात. मामा शिव्यांची यादी करून बसले होते. आवाज तेविशीचा निघाला. सिव्हिल डिप्लोमा, दिवसाला चार फ्लॅट, बाइकवर आवडीपासून अण्णा नगरपर्यंत, पेट्रोल स्वतःचं. टॅबवरच्या फॉर्ममध्ये फॉल्स सीलिंगसमोर तीनच पर्याय : उत्तम, ठीक, खराब. ‘वर काय आहे’ हा रकाना नाही. ‘सर, गच्ची बघता आली नाही म्हणून मी एकदा अहवाल अडवला होता, त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला.’ आणि मग, थोडं थांबून : ‘पोराला तिथे झोपवू नका, सर. आधी जॅक लावून घ्या.’ पहिल्यांदाच आपण काहीतरी तपासलंत असं मामांना वाटलं, तेही फोनवरून. शिव्यांची यादी तशीच राहिली.

जॅक लागलेत. हॉलमध्ये सध्या सहा लोखंडी टेकू आहेत, पोर त्यांच्यामधून लपाछपी खेळतं.

आपला,
मामा

ता. क. : आपल्या लेझर टेपचं पाऊच इथे चपलांच्या स्टँडवर राहिलंय. शनिवारी अकरानंतर या. गच्चीची चावी आता भाचीकडे असते.