जावयाचा हॅलिबट आणि घरची फूटपट्टी

"मास्तर, मासा लहान म्हणून सोडला तर समजू शकतो. मोठा निघाला म्हणून सोडला, असं कुठं ऐकलंय?"

जिभाऊंनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवले, तेव्हाच ओळखलं की आज आपला चहा निवणार. जिभाऊंचे जावई कॅनडात, व्हँकुव्हरकडे असतात. नोकरी कॉम्प्युटरची, आणि तिकडच्या मित्रांच्या नादानं सुट्टीला बोटीत बसून गळ टाकायचा शौक लागलेला. रात्री व्हिडिओ कॉल आला होता. जावईबापूंच्या गळाला हॅलिबट लागला. अर्धा तास ओढाताण करून बोटीजवळ आणला, पट्टी लावली, तर 131 सेंटीमीटर. त्या हंगामाची मर्यादा 126. मित्रानं पक्कडीनं गळ काढला आणि मासा गेला तळाला.

"सासऱ्याला दाखवायला धड फोटोसुद्धा नाही," जिभाऊ म्हणाले. दुःख खरं तेच होतं.

हॅलिबट म्हणजे कोकणातल्या लेप्याच्या भाऊबंदांपैकी, पण अंगानं पहिलवान. चपटा, वरून मातकट, खालून पांढराफटक. दोन्ही डोळे एकाच अंगाला. पिल्लू असताना एक डोळा इकडे, एक तिकडे, असा चारचौघांसारखाच असतो. मग डावा डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत उजवीकडे येतो आणि स्वारी समुद्राच्या तळाला आडवी होते ती कायमची. सव्वाशे सेंटीमीटरचा मासा वीस-पंचवीस किलो भरतो, आणि तो काही फार मोठा नव्हे. दोनशे किलोच्या वरचेही निघालेले आहेत.

निवृत्त मास्तरला रात्री झोप कमी आणि जगाची उठाठेव जास्त, त्यामुळे यातलं थोडंफार मी वाचून ठेवलं होतं. म्हटलं, "जिभाऊ, मोठा हॅलिबट म्हणजे बहुतेक मादी. नर त्या अंगलटीचे होतच नाहीत. मादी वयात यायलाच बारा-एक वर्षं लागतात, आणि मोठी झाली की एका हंगामात लाखांनी अंडी घालते. तिला सोडायला नको?"

"हां, मग ठीक," जिभाऊ जरा निवळले. "पण दिवसाला एकच मासा? वर्षाचेही मोजून? आणि वर मासा ठेवला की लगेच परवान्यावर तारीख, जागा, लांबी लिहायची. अहो, तलाठी सातबाऱ्यावर इतक्या तत्परतेनं नोंद करत नाही!"

तेवढ्यात जिभाऊंच्या सौभाग्यवती, म्हणजे काकू, परात घेऊन ओट्यावर आल्या. परातीत पापलेटं. आदल्या दिवशी धुळ्याहून आणलेली, बर्फातली, तळहाताएवढी. जिभाऊंच्या घरी मासे म्हणजे एरवी तापीचा रोहू-कटला किंवा मरळ, पापलेट सणासुदीला. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी आणा बरं."

"पट्टी? मासे शिजवायचे का शिवायचे?"

पण आणली. पहिलं पापलेट पट्टीला लावलं, तर शेपटी बारावर संपली. दुसरं साडेबारा. तिसरं कसंबसं चौदा. मग मी सांगितलं, की 2023 साली महाराष्ट्र सरकारनं समुद्रातल्या 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट साडेतेरा सेंटीमीटर, बोंबील 18, सुरमई 37, घोळ 70. त्याच्या आतला मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणूनही जाहीर केलं. म्हणजे परातीत दोन राज्यमासे अल्पवयीन निघाले.

काकूंनी पट्टी धुतली, पेटीत ठेवली आणि पापलेटांना हळद-मीठ चोळायला घेतलं. "आता काय, परत मुंबईला सोडून येऊ?"

गंमत बघा, आपला नियम लहान वाचवायचा आणि कॅनडाचा नियम मोठा वाचवायचा. जिभाऊंना हे फार आवडलं. पण काकूंनी परातीतून मान वर न करता विचारलं, "आणि लहान किती न्यायचे म्हणे तिकडे?"

म्हटलं, "दिवसाला एकच, पण दोन दिवसांचे मिळून नव्वदच्या आतले दोन जवळ ठेवता येतात. त्याहून मोठा असेल तर एकच."

"म्हणजे आई सोडायची आणि वयात न आलेल्या पोरी न्यायच्या? माय व! मग पुढची आई होणार कोण?"

जिभाऊ माझ्याकडे बघायला लागले. आता खरं सांगणं भाग होतं. माद्या वाचतात हा त्या पट्टीचा फायदा. तिचं मुख्य काम वजनाचं आहे. अमेरिका आणि कॅनडानं 1923 साली करार करून हॅलिबटसाठी सामाईक आयोग नेमला. त्याची कचेरी सिएटलला. दर वर्षाच्या सुरुवातीला आयोगाची बैठक होते आणि यंदा कुठल्या पाण्यातून किती वजनाचा मासा काढायचा ते ठरतं. कॅनडाच्या वाट्याचे मग दोन भाग: 85 टक्के धंदेवाल्या बोटींना, 15 टक्के हौशी गळवाल्यांना. 2012 च्या आधी हौशींना 12 टक्केच होते. त्या पंधरा टक्क्यांत हजारो जावई. प्रत्येकानं चाळीस किलोचं धूड घरी नेलं, तर वाटा भर उन्हाळ्यात संपतो. तसं झालेलंही आहे; 2011 साली हौशींचा हंगाम सप्टेंबरातच बंद करावा लागला. तेव्हापासून हिशेब असा, की मासा आखूड घ्या, पण हंगाम लांबवा. म्हणून मर्यादा कधी 133, कधी 126, आणि 2018 साली तर 115. हे ठरवताना हौशी गळवाल्यांची सल्लागार समितीही असते. चिडचिड करायची ती तिथं जाऊन करायची.

मला विचाराल तर जावईबापूंच्या कुरकुरीत फारसा दम नाही. ज्याला पोटासाठी जावं लागत नाही, त्यानं सुट्टीच्या दिवशी पाच सेंटीमीटरसाठी मासा सोडला म्हणून आभाळ कोसळत नाही. अलास्कात तर वाटाड्यासकट भाड्याच्या बोटीनं जाणाऱ्याला नियम कडक आणि स्वतःच्या बोटीनं जाणाऱ्याला दिवसाला दोन, कुठल्याही मापाचे. तक्रार करायचा हक्क असलाच तर तिथल्यांना.

जिभाऊ मात्र समितीवर अडकले. "आपल्याकडे गळवाल्याला विचारतं कोण? धरणाचा ठेका मच्छीमार सोसायटीचा. रोहू-कटल्याचं बीज त्यांनी सोडलेलं, तेव्हा हक्कही त्यांचाच, कबूल. मी गळ घेऊन काठावर बसलो तर राखणदाराशी ओळख काढावी लागते. ना माप, ना नोंद, ना परवाना. त्याचा मूड असेल तितके मासे!" सुलवाड्याहून तापीचं पाणी उचलून इथं जामफळ धरणात आणायच्या योजनेचं 2019 साली भूमिपूजन झालं, तेव्हापासून जिभाऊंचा गळ तयार आहे. जामफळ भरलं की तिथं बसायचं, हा त्यांचा म्हातारपणाचा बेत.

"आणि पहिल्या पुराला?" काकू म्हणाल्या. "अंड्यानं भरलेले मासे उलटे चढतात तेव्हा अख्खा गाव टोपल्या घेऊन नाल्यात असतो. तेव्हा कुठं जाते तुमची पट्टी?"

याला दोघांकडेही उत्तर नव्हतं. टोपलीवाल्यांत जिभाऊ पुढे असतात, हे मी बोललो नाही. शेजार टिकवायचा असतो.

विषय बदलायला म्हणून मी सांगितलं, की जावईबापूंना मोठा मासा घरी न्यायचाच असेल तर एक वाट आहे. धंदेवाल्यांच्या कोट्यातले थोडे पौंड पैसे भरून भाड्यानं घेता येतात. तेवढ्या वजनापुरती हौशींची लांबीची अट सुटते.

जिभाऊंचे डोळे चमकले. "म्हणजे बटाईच की! आजच सांगतो त्यांना."

"काही सांगू नका," काकू परात उचलून आत निघाल्या. "आधी घराचे हप्ते फेडा म्हणावं. मासे धरायचं पण भाडं!"