कॅमेरा न घेता कॅमेरा कसा निवडावा

हे मार्गदर्शन ज्यांना खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे, पण एवढ्यात नाही, अशांसाठी आहे. ज्यांना येत्या रविवारी खरोखरच फोटो काढायचे आहेत त्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचून दुकान गाठावे. बाकीच्यांनी सावकाश वाचावे. घाई केली तर कॅमेरा घेतला जाण्याचा धोका असतो.

उदाहरणासाठी दोन कॅमेरे घेऊ : कॅननचा पॉवरशॉट जी-सेव्हन एक्स मार्क थ्री आणि सोनीचा आरएक्स-हंड्रेड मार्क सेव्हन. दोन्ही जुलै २०१९ मध्ये जाहीर झाले. तेव्हा त्यांची तुलना करायला बसलेल्यांपैकी काही जण अजून उठलेले नाहीत. आपल्याला त्यांच्याच पंगतीत जाऊन बसायचे आहे. सोयीसाठी पुढे नुसते 'कॅनन' आणि 'सोनी' म्हणू.

साहित्य : एक जाड वही, दोन रंगांची पेने, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि घरात निदान एक माणूस, जो दर आठवड्याला 'मग, घेतलास का?' असे विचारील.

पायरी पहिली : मेगापिक्सेल मोजा

वहीत दोन रकाने आखा. कॅनन २०.१, सोनी २०.१. बरोबरी झाल्यामुळे खचून जाऊ नका. बरोबरी म्हणजे तुलना लांबवण्याची उत्तम संधी. पिक्सेल सारखेच असले तरी 'कोणाचे पिक्सेल चांगले' हा प्रश्न उरतोच.

एक हिशेब मात्र चुकूनही करू नका. चार बाय सहा इंची छापील फोटोला, दर इंचाला तीनशे ठिपके धरले, तर १२०० गुणिले १८०० म्हणजे जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा भरायला ८३ लाख पुरतात. शिवाय आपले बहुतेक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून बारीक होऊनच मामा-मावश्यांकडे पोहोचतात. हे कळले की हा रकानाच निकालात निघतो आणि एक अख्खी संध्याकाळ रिकामी पडते.

पायरी दुसरी : सेन्सरला पट्टी लावा

दोघांतही 'एक इंची' सेन्सर आहे. तो एक इंच नाही. त्याचे माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर आहे, म्हणजे कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच्या आत. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या जाडीवरून मापे सांगायची जी रीत पडली तीच पुढे चालू राहिली. पण तेवढ्यावरून त्याला कमी लेखू नका. स्वस्तातल्या छोट्या कॅमेऱ्यांत असतो त्या सेन्सरच्या सुमारे चौपट याचे क्षेत्रफळ भरते. अंधाऱ्या खोलीतल्या फोटोत दाणे कमी दिसतात ते त्यामुळे. इथेही बरोबरीच. वहीत तशी नोंद करा आणि खाली दोन रेघा मारा.

पायरी तिसरी : वजन आणि माप

आता पहिल्यांदा फरक हाती लागतो. बॅटरी आणि कार्डासकट कॅनन ३०४ ग्रॅम, सोनी ३०२. दोन ग्रॅमची तफावत! दिवसभर गळ्यात अडकवल्यावर मानेवर तिचा काय परिणाम होईल, यावर घरात चर्चा घडवून आणा. रुंदीला कॅनन सुमारे चार मिलिमीटरने मोठा, जाडीला सोनी सुमारे दीड मिलिमीटरने. साबणाच्या दोन वड्या मापाप्रमाणे तासून दोन्ही खिशांत घालून बघितल्यास उत्तम. विजारीच्या खिशात दोन्ही मावतात आणि दोन्हींमुळे खिसा सारखाच फुगतो, हा निष्कर्ष निघेल. तो वहीत लिहू नका.

पायरी चौथी : लेन्स

या पायरीवर जपून पाऊल टाका, कारण दोन कॅमेऱ्यांतला खरा फरक इथे आहे आणि तो समजला तर पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही.

कॅननची लेन्स २४ ते १०० मिलिमीटर, छिद्र एफ/१.८ ते एफ/२.८. सोनीची २४ ते २००, छिद्र एफ/२.८ ते एफ/४.५. नवशिक्याने एवढेच लक्षात ठेवावे की 'एफ'पुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि उजेड जास्त आत. एफ/१.८ मधून एफ/२.८ च्या सुमारे अडीचपट उजेड येतो.

अडीचपट म्हणजे काय ते पाहायला घरातलीच संध्याकाळ घ्या. गणपतीची आरती चालू आहे, दिवाणखान्यात एक ट्यूबलाइट आणि निरांजन, समोर चार वर्षांची पुतणी जोरजोरात टाळ्या वाजवते आहे. सगळे दृश्य चौकटीत घ्यायचे म्हणून झूम केलेला नाही. कॅननने सेकंदाच्या साठाव्या भागात जो फोटो निघेल, तोच तेवढ्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदना तेवढीच ठेवून, सोनीने काढायचा तर सेकंदाचा पंचविसावा भाग लागेल. पुतणीचा चेहरा दोन्हींत येईल. हात मात्र सोनीच्या फोटोत जास्त पुसट दिसतील. हात थिजवायचे तर आयएसओ ८०० वरून दोन हजारांवर न्यावा लागेल आणि भिंतीवर दाणे उमटतील. लेन्समध्ये हात न थरथरण्याची सोय दोघांतही आहे, पण ती तुमच्या हातांसाठी. पुतणीच्या नाही.

आता उलट बाजू. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही बाराव्या रांगेत आहात आणि तुमचा मुलगा रंगमंचावर झाड झालेला आहे. कॅनन १०० वर थांबतो, सोनी २०० पर्यंत जातो. झाड चौकटीत दुप्पट उंच दिसते. भिगवणच्या फ्लेमिंगोंसाठी मात्र दोघांतला एकही घेऊ नका. २०० मिलिमीटरमध्ये पलीकडच्या काठावरचा थवा गुलाबी रांगोळी सांडल्यासारखाच दिसतो.

इथे कोणाच्याही मनात येईल की मी घरातले फोटो जास्त काढतो की लांबचे. हा विचार आवरा. त्याऐवजी 'सगळेच येणारा एखादा तिसरा कॅमेरा असेल का?' असा प्रश्न वहीत लिहा. वर्षभराची निश्चिंती झाली.

पायरी पाचवी : बारीकसारीक

एकाच चार्जिंगवर किती फोटो निघतात, याच्या जपानमध्ये ठरलेल्या प्रमाणित चाचणीत कॅननचा आकडा २३५ आहे, सोनीचा २६०. पंचवीस फोटोंच्या या फरकावर पैजा लागू शकतात. दोन्ही कॅमेरे मुलाच्या मुंजीत जेवणाआधीच माना टाकतील, हे सांगून रंगाचा बेरंग करू नका. जादा बॅटरी हा उपाय तर सांगूच नका. तो फारच सोपा आहे.

कॅननला टाइप-सी वायर लागते. पण वायर बसली म्हणजे घरातला कुठलाही चार्जर चालेल असे नाही. सोनीला जुनी मायक्रो-यूएसबी. ती घरात प्रत्येकाकडे एकेकाळी होती. कॅननच्या डोक्यावर फोटो उजळ-काळपट करायची वेगळी चकती आहे, सोनीवर नाही. सोनीच्या कोपऱ्यातून डोळा लावायची छोटी खिडकी टपकन वर येते, कॅननला ती मुळीच नाही. पळत्या कुत्र्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवण्यात सोनी बराच पुढे आहे. त्याच्या सेन्सरवरच त्यासाठी ३५७ बिंदू दिलेले आहेत. कॅनन पुढे-मागे चाचपत फोकस शोधतो, त्यामुळे व्हिडिओत कधीकधी चेहरा सोडून मागच्या कॅलेंडरवर त्याचा जीव जडतो.

पायरी सहावी : सल्ला घ्या

आतेभावाकडे मोठा कॅमेरा आहे. तो २०१४ पासून कपाटात आहे, त्यामुळे त्याच्या मताला वजन आहे. तो म्हणेल, 'घ्यायचाच तर मोठाच घे.' शेजारचे काका म्हणतील, 'मोबाइल काय वाईट आहे?' दोघांचेही मनापासून ऐका आणि दोन नवे रकाने आखा. काकांना 'आपल्या मोबाइलवर झूम करून बघा' असे सांगू नका. काका दुखावतील.

पायरी सातवी : दुकानात जाऊन न घेता परत या

मुंबईत असाल तर फोर्टातला बोरा बाजार गाठा. गल्लीतल्या दुकानांत काचेच्या कपाटामागे कॅमेरे मांडलेले असतात. नमुना हातात मागा. त्याच्या लेन्सवर आधीच्या गिऱ्हाइकाचा अंगठा असतो. आता शिरस्त्याप्रमाणे छताच्या पंख्याचा फोटो काढा. या कामासाठी पंख्याइतके चांगले दुसरे काही नाही : तो फिरत असतो, काळोखात असतो आणि त्याचा फोटो पुन्हा कधीच कोणाला काढायचा नसतो. मग पडद्यावर तो फोटो इतका मोठा करा की पात्यावरची धूळ दिसेल. 'धूळ बरी आली आहे,' असे म्हणून कॅमेरा परत द्या.

विक्रेता 'दोन्ही चांगले आहेत, साहेब' म्हणेल. तो खरे बोलतो आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी आठवी : किंमत उतरेपर्यंत थांबा

अमेरिकेत हे कॅमेरे आले तेव्हा कॅनन सुमारे ७५० डॉलरला होता, सोनी सुमारे १,२०० ला. जुने मॉडेल स्वस्त होते, हा अनुभवाचा नियम आहे. त्यावर विसंबून जे थांबले, त्यांचे पुढे असे झाले की कॉलेजातल्या मुलामुलींना मोबाइलपेक्षा छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोंची गोडी लागली. समाजमाध्यमांवर कॅननचा गवगवा झाला, दुकानांतून तो मिळेनासा झाला आणि जुन्या मालालाही नव्याहून जास्त भाव आला. थांबण्याचे व्रत न मोडणाऱ्यांना असे फळ मिळते.

शंकासमाधान

पावसात चालेल का? दोघांतल्या एकालाही पाण्यापासून संरक्षण नाही. राजमाचीच्या पावसात न्यायचाच, तर पिशवीतून फार बाहेर काढू नका.

समुद्रावर? कळंगुटला वाळूपासून जपा. बाहेर येणाऱ्या लेन्सच्या नळीत वाळूचे कण गेले की ती आत जात नाही आणि दुरुस्तीचे बिल नव्या कॅमेऱ्याची आठवण करून देते.

पावसाळ्यात घरी? कपाटात बंद करून ठेवला तर लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा किंवा सरळ वापरत राहा.

ज्यांना खरोखर घ्यायचा आहे त्यांच्यासाठी

घरातले समारंभ, रात्रीची जेवणे असे असेल तर कॅनन घ्या. प्रवास, रंगमंच, पळणारी मुले आणि उन्हात डोळा लावून फोटो काढणे असेल तर सोनी घ्या. सोनीचे जादा पैसे झूम आणि फोकससाठी आहेत, फोटोच्या स्पष्टतेसाठी नाहीत. दोन्ही प्रकार सारखेच असतील तर स्वस्त मिळेल तो घ्या. सोबत एक जादा बॅटरी घ्या आणि बिल पक्केच मागा, कारण कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही.