कास्टिंग, काका आणि किनारा

आमच्या घरात नुसतं फिरायला जायची पद्धत नाही. आधी काम लागतं, कामाला जोडून नातेवाईक लागतात आणि त्यातून वेळ उरलाच तर निसर्ग. मेअखेरीस कंपनीने मला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पंपांची कास्टिंग तपासायला पाठवायचं ठरवलं. हे मी फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळपर्यंत आईची बॅग भरून दाराशी आली होती.

"जातोच आहेस तर कऱ्हाडला मावशी, कोल्हापुरात आत्या, आणि मग मालवण काय, घाट उतरलं की आलंच," आईने नकाशा न बघता आखणी केली. चिरंजीवांना समुद्र हवा होता. कंपनी कोल्हापूरपर्यंतचा किलोमीटर भत्ता देणार होती. म्हणजे पुण्यापासून साधारण २३० किलोमीटर गाडी कंपनीची, पुढे आईची.

खंबाटकी लागताच मागून हुकूम आला, "घाटात एसी लावत नाहीत." हा नियम बाबांच्या फियाटच्या काळातला, पण फियाट गेली तरी नियम चालू आहे. चाळीस अंशांच्या उन्हात काचा खाली करून आम्ही ट्रकांचा धूर घेत घाट चढलो.

कऱ्हाडला दहा मिनिटं थांबायचं होतं. मावशीच्या दहा मिनिटांत आमरस, पुरी, कुरडई, पुन्हा आमरस आणि "जरा पडा की" एवढं बसतं. चिरंजीवांना कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम बघायचा होता. तो पडून राहण्यात गेला. निघताना मावशीने कोल्हापूरच्या आत्यासाठी कुरडयांचा डबा दिला. माझ्या लग्नातल्या मानपानावरून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण जिन्नस पाठवतात. कुरडया किती पांढऱ्या झाल्यात हे आत्याला कळावं, एवढाच हेतू.

दुसऱ्या दिवशी फाउंड्री. कोल्हापूरकरांनी शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिनं बनवता बनवता ओतकामात जम बसवला. आता इथलं बीड देशभर जातं. चौदाशे अंशांचा रस साच्यात पडताना बघितला की बाहेरचं मे महिन्याचं ऊन थंड हवेचं ठिकाण वाटतं. घरच्यांना गाडीत बसवून मी आत गेलो, हे मालकांना कळलं मात्र, ते स्वतः बाहेर धावले. "अवो, माणसं उन्हात ठेवून कुठं येताय? आदी जेवायचं, मग तुमचं कास्टिंग."

आई मालकांच्या एसी केबिनमध्ये बसली. मी शॉपफ्लोअरवर ब्लोहोल मोजत होतो, तेवढ्या वेळात तिने मालकांचं गाव, आडनाव, सासुरवाडी आणि सासुरवाडीची सासुरवाडी एवढा तपास पूर्ण केला. मी परतलो तर मालक आईच्या पाया पडत होते. त्यांची थोरली वहिनी आमच्या मावशीच्या नणंदेची जाऊ निघाली होती.

"म्हंजे तुम्ही आमचं पाव्हणंच की!" मालक म्हणाले.

माझ्या हातात रिजेक्शनचा कागद होता. निम्म्या लॉटमध्ये भोकं होती. आईने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाण्याचा पंप ना? मग थोडी भोकं असायचीच." मी सही केली. मालकांनी ती हसत घेतली आणि वर नारळ, साडीही दिली. आई मात्र थेट फोंडाघाट उतरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

त्या रात्री आत्याकडे तांबडा-पांढरा. कुरडया उजेडात धरून ती "बऱ्या आहेत" एवढंच म्हणाली आणि मालवणच्या काकांसाठी गुळाची ढेप डिकीत टाकली. डिकीत आता आमच्या बॅगांना जागा नव्हती. त्या चिरंजीवांच्या मांडीवर गेल्या.

राधानगरी अभयारण्य १९५८ सालचं, गव्यांचं. दाजीपूरपर्यंत चिरंजीव खिडकीतून हलले नाहीत. शेवटी एक धिप्पाड काळं जनावर दिसलं. त्याच्या मागून काठी घेतलेली बाई आली आणि ती म्हैस ठरली. फोंडाघाट उतरलो, करवंदं घेतली. आईने घाट संपल्याची पावती म्हणून मौन सोडलं, "एसी लाव आता."

काका अंगणातच उभे होते. "इलास? इतको उशीर? आता इलस तर दोन दिस रव मरे." मी एकच रात्र म्हणालो. काकांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

मालवणच्या जेट्टीवर पोचलो तर सिंधुदुर्गला जाणाऱ्या होड्या पावसाळ्यासाठी बंद. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचं बांधकाम सुरू केलं, तो किल्ला समोर, पाव तासाच्या अंतरावर. आणि होड्या वाळूत, झावळ्यांखाली. चिरंजीवांचा चेहरा उतरला. आईने पदराने ऊन अडवून किल्ल्याकडे बघत हात जोडले. "दिसला ना? झालं तर."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "रिपोर्ट कुठंय? आणि हा घोंघो आवाज कसला?"

"भट्टीचा ब्लोअर, सर."

नेमकी तेव्हाच शेजारून एक मासेवाली ओरडली, "बांगडे घेवा बांगडे! उद्यापासून बंदी!" एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे तिची घाई रास्त होती. साहेब क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चार आण. बर्फात घालून."

परतीला डिकीत आंबे, आमसुलं, साहेबांचे बांगडे आणि काकांनी जबरदस्तीने चढवलेला पिकला फणस. फणस आणि बांगडे एका गाडीत आले की कुठलाच एसी पुरत नाही. टोलनाक्यावर काच खाली केली, तर पैसे घेणाऱ्याने मान मागे घेतली.

पुण्यात आल्यावर हिशेब झाला. कंपनीच्या मते मी सुट्टी मारली, मावशीच्या मते तोंड दाखवून पळालो, काकांच्या मते तर आलोच नाही. खूश होती ती फक्त आई. फणसाचे गरे काढता काढता, हाताला तेल चोळत तिने विचारलं, "तुमच्या कंपनीचं नागपूरकडे काही काम निघत नाही का रे? थंडीत? माझी मावसबहीण बोलावतेय कधीची."

"बुटीबोरीला एक पुरवठादार आहे," मी म्हणालो.

बायकोने लगेच वाटेत शेगाव येतं का ते बघितलं. चिरंजीवांनी नागपूरला समुद्र आहे का, असं विचारलं.

"फुटाळा तलाव आहे," आई म्हणाली. "गाडीतूनच दिसतो."