खाली

सचिन म्हटलं की लोकांना क्रिकेट आठवतं. आमचं सचिन म्हणजे सुरतहून मुंबईकडे निघालं की भेस्तान आणि मरोलीच्या मधलं स्टेशन. आता क्रिकेटवाल्या सचिनचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं, त्यामुळे फिरून फिरून का होईना, गाडी संगीताच्या फलाटाला लागते. शिवाय इथले नवाब सिद्दी, मूळ जंजिऱ्याचे; १७९१ साली त्यांना हे संस्थान मिळालं. गुजरातेतले सिद्दी आजही आफ्रिकेच्या वळणाच्या ढोलांवर धमाल घालतात. नवाबसाहेब स्वतः ढोल बडवत असं माझं म्हणणं नाही. पोरांना ताल शिकवायला गाव अगदीच परकं नाही, एवढंच.

निवृत्तीनंतर मी आठवड्यातून दोन सकाळी जीआयडीसीजवळच्या एका बालवाडीत जायला लागलो. पोरं चार-पाच वर्षांची. निम्मी खानदेशची, घरी अहिराणी; बाकीची ओडिया, भोजपुरी, गुजराती. मला तबला येतो, म्हणजे एके काळी दोन परीक्षा दिल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी झांजा, खंजिऱ्या, घुंगरं, डफली असं सगळं एकदम वाटून टाकलं. ही चूक माणूस एकदाच करतो. दुसऱ्यांदा करायला कान उरत नाहीत. बालवाडीच्या ताई शांतपणे बाहेर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

पुढच्या खेपेला मी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत मूठ-मूठ तूरडाळ भरून खुळखुळे केले. एका आईने बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "काका, डाळना भाव माहीत शे ना? खडे भरा, खडे बी वाजतस." खडे भरले. डाळीपेक्षा चांगले वाजले. टिपऱ्यांचंही तसंच. लाकडी टिपऱ्या पोरं एकमेकांच्या टाळक्यात घालतात, म्हणून कापडाचे तागे ज्यांवर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या कापून आणल्या. आवाज मऊ, टाळकी शाबूत. ही अक्कलही काही माझी नव्हे. याच लोहमार्गावर खाली घोलवडला उतरून बोर्डीला गेलं की ताराबाई मोडकांचं गाव. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या या बाईंनी १९४५ पासून तिथे गरिबांच्या पोरांची शाळा मांडली. माँटेसरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवून दगड, बिया, शिंपले हाती दिले, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला.

साहित्याचं जमलं, तालाचं जमेना. मी केरवा धरला होता, आठ मात्रांचा. पोरं दोन आवर्तनं नीट चालायची आणि तिसऱ्याला घसरून सहा मात्रांत जायची. वर गिरकी. मला वाटलं, कच्ची आहेत. मग एकदा एक चिमुरडी पाणी प्यायच्या रांगेत उभी राहून आपल्याशीच टाळ्या वाजवताना दिसली. त्रण ताळी! नवरात्रात आईच्या कडेवर बसून जो गरबा अंगात भिनला, तो माझ्या केरव्याला कुठला दाद देतो? कच्चा मीच होतो. त्या दिवसापासून सुरुवात सहा मात्रांनी करतो.

पुढे केरव्यावर परत आलो तेव्हा खरी पंचाईत झाली ती पाचव्या मात्रेला. एक ते चार टाळी, नळी, पाय, काहीही; पाचवी मात्रा खालीची, तिथे हात नुसता हवेत उघडायचा. आणि नेमकं तिथेच पोरं जीव खाऊन वाजवायची. त्यांचं तरी काय चुकलं? ज्यांच्या भिंतीपलीकडे लूम खटखटतात, बापाची पाळी बारा तासांची, दिवसाची संपली की रात्रीची सुरू, त्यांनी थांबणं ऐकलंय कुठे? इथली तान्ही बाळं लूमच्या आवाजात गाढ झोपतात आणि लाइट गेली की दचकून उठतात.

शेवटी मी पाचव्या मात्रेला जोरात ओरडलो, "खाली!"

सगळी पोरं फतकल मारून खाली बसली.

मी कपाळाला हात लावला. ताईंना मात्र हसू आवरेना. पण पुढच्या आवर्तनाला पोरं पुन्हा उभी राहिली आणि पाचवीला पुन्हा धपकन खाली. बरोबर पाचवीला! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जिनिव्हात दालक्रोझ नावाच्या गुरुजींच्या लक्षात आलं होतं की आपले विद्यार्थी वाद्य बिनचूक वाजवतात, पण ताल अंगात नाही. म्हणून ते त्यांना तालावर चालायला लावत. आमच्याकडे तेच काम मराठीतल्या एका शब्दाने परस्पर केलं. फतकल मारताना हात टेकावे लागतात, मग वाजवणार कशाने?

गेल्या आठवड्यात मधेच लाइट गेली. शेजारचे लूम एकदम गप्प झाले. पोरं नळ्या हातात धरून तशीच उभी. एवढी शांतता आम्ही कुणीच एकत्र ऐकली नव्हती. मग मागून एक बारीक आवाज आला, "काका, खाली." आणि सगळी बसली. मीही बसलो. उठायला मला ताईंनी हात दिला.

तुमच्याकडे ताग्यांतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडून असतील तर भंगारात घालू नका. आम्हाला अजून अकरा कमी पडतात.